कळंबीचा दगड: तालीतल्या शोधाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

वही आजच उघडली, कारण तारीख तीच आहे. १८७९ साली ४ नोव्हेंबरलाच आपल्या सातारा जिल्ह्यात एक अशनी पडला. जगभरच्या अशनींच्या यादीत त्याचं नाव ‘कळंबी’ असं आहे. वजन साडेचार किलोच्या थोडं वर, जात एल ६. एल म्हणजे लोखंड त्यामानाने कमी असलेला दगडी अशनी. वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढं लोखंड, आणि त्यातलं निम्म्याहून कमी गंज नसलेल्या धातूच्या बारीक कणांत. सहा हा आकडा तो मूळ जागी किती तापला होता ते सांगतो. इतका तापलेला की आतले गोल दाणे जवळजवळ पुसलेच गेलेत.

यादीत जागाही दिली आहे: १७ अंश ५० मिनिटं उत्तर, ७३ अंश ५९ मिनिटं पूर्व. म्हणजे साताऱ्याच्या उत्तरेला पंधरा-सोळा किलोमीटर. पण मिनिटाच्या पुढे आकडा नाही. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर, आपल्याकडे रेखांशाचं एक मिनिट पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. त्या दगडाचा पत्ता म्हणून आपल्या हातात उरलाय तो सव्वातीन चौरस किलोमीटरचा चौकोन. कुठल्या वावरात, कुठल्या झाडाखाली पडला, काही नाही.

नानांचं शिवार त्या चौकोनाच्या कडेला येतं. अशनी हवेत फुटला तर तुकडे काही किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरतात. एखादा राहून गेला असेल, या आशेवर हे काम सुरू करतोय. फक्त नानांच्या जमिनीत, आणि शेजारच्या ज्यांनी कागदावर लिहून दिलं त्यांच्याच. किल्ले, लेणी, घाट, देवळाची आवारं, इथं यंत्र न्यायचं नाही. हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो.

१० नोव्हेंबर

डिटेक्टर विकत घेतला नाही. पंपाच्या मोटारी वाइंड करण्यात वीस वर्षं गेली, कॉइल गुंडाळणं हे आपलंच काम. पल्स पद्धतीचं यंत्र करायचं ठरवलं. कॉइलमधून करंटचा झटका सोडायचा, तो एकदम तोडायचा, आणि त्यानंतर काही मायक्रोसेकंदांनी जमिनीतून काय परत येतं ते ऐकायचं. धातूत भोवरे-करंट उठतात आणि ते हळूहळू मरतात, तो मरतानाचा आवाज आपल्याला पकडायचा असतो.

प्लायवूडच्या २६ सेंटिमीटरच्या चकतीवर २४ गेजची एनॅमल तार, २२ टर्न. मीटरवर इंडक्टन्स, म्हणजे करंटचा बदल अडवण्याची कॉइलची ताकद, ३०० मायक्रोहेन्री दिसली. वार्निश मोटारीसारखंच पाजलं आणि रात्रभर बल्बखाली वाळवलं.

२४ नोव्हेंबर

पहिली फेरी, विहिरीवरची पट्टी. ऊस नुकताच तुटला आहे, पाचट बाजूला ओढलेलं.

इथल्या मातीबद्दल लिहायला हवं, कारण सगळी अडचण तिथंच आहे. आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. काळ्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. नेहमीचा, सतत लहरी सोडणारा डिटेक्टर अशा जमिनीवर नेला की जमीनच बोलायला लागते, प्रत्येक पावलाला. पल्सचं यंत्र त्यातलं बरंच गिळतं, म्हणून ते निवडलं. तरीही काळ्या मातीतले अतिशय बारीक चुंबकी कण झटक्यानंतर क्षणभर चुंबकत्व धरून ठेवतात आणि मग सोडतात, आणि तो आवाज धातूसारखाच येतो. ऐकण्याची वेळ १२ मायक्रोसेकंदांवरून २० वर नेली, तेव्हा जमीन गप्प झाली. तांब्याचं जुनं नाणं वीतभर खोल पुरून पाहिलं, स्वच्छ ऐकू आलं.

खूश होऊन घरी आलो.

१ डिसेंबर

आजचा दिवस महत्त्वाचा.

कळंबीचा तुकडा परीक्षेला कुठून आणणार? म्हणून नकली अशनी केला. शेजारच्या लेथवरून लोखंडाचा बारीक कीस आणला, चाळला, तेलकटपणा काढला. ४० ग्रॅम कीस, बाकी सिमेंट आणि वाळू, वाळल्यावर सगळं मिळून ५०० ग्रॅम. एल जातीच्या अशनीत सुटं लोखंड साधारण एवढ्याच प्रमाणात असतं. वाटीत ओतून गोळा केला.

तो कॉइलखाली धरला. आवाज नाही. हात टेकेपर्यंत खाली नेला तरी नाही. वेळ परत १२ वर आणली तेव्हा जेमतेम कुरकूर, आणि तीही मातीच्या कुरकुरीत बुडून जाणारी.

अर्धा तास तसाच बसलो, मग लक्षात आलं. भोवरे-करंट मोठा व्हायला धातूही सलग हवा. ४० ग्रॅमचा एक खिळा असता तर यंत्र ओरडलं असतं. इथं तेच लोखंड हजार कणांत वाटलेलं, प्रत्येक कण दगडात वेगळा कोंडलेला. कणाकणात करंट उठतो आणि मी ऐकायला लागायच्या आत मरून जातो. अख्खा लोखंडी अशनी असता तर हे यंत्र चाललं असतं. कळंबी दगडी आहे.

म्हणजे तीन आठवडे खपून जे केलं ते जुन्या वस्तू शोधायला चांगलं आणि ज्यासाठी केलं त्याला निकामी. आधी नकली गोळा बनवायचा होता, मग कॉइल.

१५ डिसेंबर

यंत्र आहे तर फिरवून पाहू म्हणून चिंचेचा तुकडा पूर्ण केला. जे निघालं ते: बैलाच्या खुरांना मारतात त्या पत्र्या नऊ (एकीत अजून दोन खिळे वाकलेले आहेत), बैलगाडीच्या चाकाच्या धावेचा हातभर तुकडा, फाळाचं टोक, मोडका कोयता, ट्रॉलीच्या पिना, ड्रिपची तार, गुटख्याच्या पुड्यांची चांदी मोजता येणार नाही इतकी. प्रत्येक वस्तूची जागा बांधापासून पावलांनी मोजून वहीत लिहिली. पत्र्या सगळ्या एकाच ओळीत निघाल्या, वायव्येकडून विहिरीकडे. नानांना विचारलं तर म्हणाले, मोटेच्या वेळची बैलांची वाट तीच होती. आज तिथं उसाचे सरळ सरी-वरंबे आहेत, वाटेचं नाव नाही. नऊ पत्र्या नुसत्या डब्यात टाकल्या असत्या तर भंगार होतं.

संध्याकाळी नाना तालीवर, म्हणजे वावराच्या कडेच्या दगडी बांधावर, बसून तंबाखू मळत होते. गोळ्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “आरं, ह्या जिमिनीतनं माझ्या बानं दगडं येचली, त्याच्या बानं येचली, आन् ही ताल घातली. दगूड हुडकायचाय तर वावरात कशाला फिरतुयास? तालीत बघ की.”

मी काहीच बोललो नाही. एवढं साधं मला सुचलं नव्हतं. १८७९ पासून या वावरात नांगराला जो जो दगड लागला तो उचलून कडेला टाकलेला आहे. दीडशे वर्षांची वेचणी एका ओळीत रचून ठेवलेली आहे, नव्वद हात लांब आणि छातीभर उंच.

आणि तालीत जमिनीचा आवाज आड येत नाही. दगड एकेक करून यंत्राकडे आणता येतो.

२९ डिसेंबर

दुसरी कॉइल. यात ऐकायचं काहीच नाही. पोकळ नळकांड्यावर तार, आत दगड ठेवता येईल एवढी जागा, पुन्हा ३०० मायक्रोहेन्री. तिला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून ऑसिलेटर केला. २९ किलोहर्ट्झवर गुणगुणतो. आत चुंबकी वस्तू आली की इंडक्टन्स वाढतो आणि फ्रिक्वेन्सी खाली येते. किती उतरली ते काउंटरवर हर्ट्झमध्ये वाचायचं. कण सुटे असोत की सलग, इथं फरक पडत नाही.

विहिरीवरचा नेहमीचा काळा दगड: ४ हर्ट्झ. दुसरा: ६. तांबडा जांभ्याचा: ३. नकली गोळा: ४१.

बेसाल्टही चुंबकाला ओढतो आणि अशनीही ओढतो, म्हणून आपल्याकडे नुसतं लोहचुंबक लावून काही ठरत नाही. पण एल जातीचा अशनी बेसाल्टपेक्षा कित्येक पटींनी जास्त चुंबकी असतो, आणि हा फरक आकड्यात उतरतो. शिवाय जोरदार निओडिमियम चुंबक अशनीला लावूच नये. दगडात त्याच्या जन्मवेळचं चुंबकत्व धरून ठेवलेलं असतं, ते त्या एका स्पर्शात पुसलं जातं. माझ्या कॉइलचं क्षेत्र फार दुबळं आहे, त्याने काही पुसणार नाही.

१२ जानेवारी २०२५

तालीवर पहिला पूर्ण दिवस. रीत अशी: पाच हात ताल वरून उतरवायची, दगड ओळीने मांडायचे, वाचायचे, आणि होते तसेच परत रचायचे. माती धरून ठेवणारी ताल आहे, माझ्या हौसेपायी पहिल्या वळवात ती ढासळता कामा नये. काठीने आधी ठोकून घ्यायचं. दोन विंचू आणि एक फुरसं निघालं.

दुपारी आकडे वेडेवाकडे यायला लागले. रिकामी कॉइलच मिनिटाला पाच-सहा हर्ट्झ सरकत होती. ऊन. कपॅसिटर सिरॅमिकचा होता, तापला की बदलतो. घरी जाऊन पॉलिप्रॉपिलीनचा लावला (पंख्याच्या कपॅसिटरमध्ये असते तीच जात). आता प्रत्येक दगडाआधी आणि नंतर रिकामं वाचन घेतो, वर छत्री. आजचे ७० दगड बाद धरले, परत वाचायचे.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. आत्याने तिळगूळ दिला आणि विचारलं, “तारा गावला का?” लोणारसारखा खड्डा असेल असं तिच्या मनात होतं. साडेचार किलोचा दगड हवेतच आपला वेग गमावतो आणि वरून सोडलेल्या धोंड्यासारखा पडतो. फार तर वीत-दोन विती जमिनीत जाईल. तिला हे पटलं, पण खड्डा नाही म्हणून जरा वाईट वाटलं.

२ फेब्रुवारी

आजवर ३१० दगड. बहुतेक ३ ते ९ हर्ट्झ. वीसच्या वर गेलेले दोन, दोन्ही लोहाराच्या भट्टीची कीट, म्हणजे लोखंडाचा वितळून थिजलेला मळ.

२३ फेब्रुवारी

तालीचा सातवा टप्पा, खालून दुसरा थर. मुठीपेक्षा मोठा दगड, उचलताच हाताला जड. काळपट तपकिरी, कडा गोलसर, एका अंगाला अंगठ्याने ओल्या मातीत दाबावं तसे तीन खळगे. कॉइलमध्ये ठेवला. काउंटर ३८ ने उतरला. काढला, शून्य. ठेवला, ३८.

पुतणी शेजारी नोंदी घेत होती, तिची लेखणी थांबली. मी दगड हलवण्याआधी फोटो काढला, तालीच्या टोकापासूनचं अंतर टेपने मोजलं, खालचा-वरचा दगड खडूने खुणावला. मग घरी आणला.

काट्यावर ८४५ ग्रॅम. दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबकळत ठेवला, ५८५. फरक २६०, घनता ३.२५. आपला बेसाल्ट तीनच्या खाली राहतो, एल जातीचे अशनी ३.३५ च्या आसपास. गंजलेला असेल तर जरा कमी. बिनचकाकीच्या फरशीच्या मागे घासला, रेघ उमटली नाही. लाल उमटली असती तर हेमॅटाइट. एकेक पायरी पार होत होती आणि माझे हात थरथरत होते, हे लिहायला हवं.

शेवटी कोपऱ्यावर कानशीने नखाएवढी खिडकी घासली. पाणी लावून भिंगाखाली धरली. धातू चमकला. पण त्या चकाकीच्या बाजूला एक गोल भोक होतं, सुईच्या टोकाएवढं, आतून गुळगुळीत. आणखी घासलं. आणखी भोकं, लहानमोठी, सगळी गोल. वितळलेल्या रसात वायूचे बुडबुडे अडकतात तशी. अशनीत असे बुडबुडे जवळपास नसतातच. धातूही सगळीकडे सारखा पसरलेला नव्हता, दोन-तीन थेंबांत गोळा झालेला.

तरी महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या सरांकडे नेला. त्यांनी कापसावर रसायन घेऊन थेंबावर निकेलची परीक्षा केली. अशनीच्या लोखंडात निकेल हमखास असतं, आणि डायमिथिलग्लायॉक्झाइमने ते गुलाबी होतं. कापूस पांढराच राहिला. कीट.

सर म्हणाले, २०१२ च्या मे महिन्यात नागपूर जिल्ह्यात काटोलला अशनी पडले तेव्हा लोकांनी ताजे वेचले, साल काळीभोर होती, ओळखायला अडचण नव्हती. दीडशे पावसाळे खाल्लेल्या दगडाची साल शोधू नका, त्याचं पोट बघा. आणि खरा निघाला तर तो घरात ठेवायचा नाही. देशात पडलेल्या अशनींचा सांभाळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करतं, तिकडे कळवायचं.

कीट मी टाकली नाही. जिथून काढली तिथली खूण होतीच. त्या टप्प्यात कीट एवढी का, हा प्रश्न आता वेगळा लिहून ठेवला आहे.

९ मार्च

उत्तर मिळालं, अर्धं. सातव्या टप्प्याच्या पायथ्याशी पल्सचं यंत्र फिरवलं. आधी राख मिसळलेली काळी माती, मग पत्र्याचे खिळे मूठभर, न वापरलेले. इथं बैलांना पत्र्या मारत असावेत. आणि त्याच्या हातभर पलीकडे, १८ सेंटिमीटरवर, गोड आणि ठाम आवाज.

खुरप्याने बाजूने माती सैल केली. हिरवट तांब्याची जाड, ओबडधोबड चकती. फुंकर मारली तर ‘श्री’ चा वेलांटीचा वळसा दिसला, खाली ‘राजा’ मधला ‘जा’ नाण्याच्या काठाबाहेर गेलेला. मागे ‘पति’, आणि मधून दोन समांतर रेघा. दुदांडी शिवराई. नाणं साच्यापेक्षा लहान कापलेलं, म्हणून अक्षरं कधीच पूर्ण येत नाहीत. टाकसाळीतल्या माणसाच्या हातोड्याचा तो एक घाव आहे, आणि तो किंचित डावीकडे बसलाय.

वहिनी म्हणाल्या, “चिंचेनं घासा, लख्ख होईल.” देवाची भांडी आपण तशीच घासतो. पण तांब्यावरची ही हिरवी साल आम्लाने गेली की अक्षरांचा वरचा थरही जातो. मातीसकट कागदी पुडीत ठेवलं. पुडीवर टप्पा, खोली, बाजूला काय होतं, तारीख.

शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, याचे ऑनलाइन एवढे मिळतात. त्याला बसवून सांगितलं. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, काय सापडलं, कुठे, कधी. न कळवल्यास वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्याने विचारलं, “एका नाण्याला?” हो, एका नाण्याला. दहा रुपये १८७८ मध्ये मोठी रक्कम होती, कायद्यातला आकडा तोच राहिला.

११ मार्च

अर्ज साताऱ्यात दिला. नानांची सही जमीनमालक म्हणून, माझी शोधणारा म्हणून. सोबत टप्प्याचा नकाशा. पोच मिळाली.

३० मार्च

पाडवा. तालीचे अकरा टप्पे झाले. खोडव्याला पाणी सोडलं आहे, चिंचेच्या तुकड्यात आता जाता येणार नाही.

२० एप्रिल

एक ओळखीचा माणूस दोनदा येऊन गेला. यंत्र घेऊन गडावर चल, रात्री कुणी नसतं, जे निघेल ते निम्मं-निम्मं. नाही म्हटलं. त्याला वाटलं मी भितो. भीतीही आहे, संरक्षित जागी परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे. पण खरं कारण सातव्या टप्प्यात आहे. राख, खिळे, कीट आणि शिवराई एकाच जागी होती म्हणून मला तिथला पत्रीवाला दिसला. रात्री खड्डा मारून कुणी नुसतं नाणं नेलं असतं तर तो माणूस दुसऱ्यांदा मेला असता. गडावर तर अशा किती जागा असतील. कळंबीच्या दगडाचंही हेच झालंय. दगड वाचला, यादीत बसला, आणि तो कुणाच्या वावरात पडला, उचलणाऱ्या माणसाने काय पाहिलं, हे मातीत गेलं.

हे त्याच्यापुढे बोललो तेव्हा आवाज चढला. तो निघून गेला.

२५ मे

आठवडाभर पाऊस झोडपतोय. मान्सून आजच महाराष्ट्रात आल्याचं जाहीर झालं, इतक्या लवकर आलेला मला आठवत नाही. ताल सोळाव्या टप्प्यापर्यंत झाली, दोन टप्पे राहिले. एकूण ७४२ दगड. अशनी नाही. रचलेले टप्पे पावसात उभे आहेत, एकही दगड घसरलेला नाही, ते सकाळी जाऊन पाहिलं.

परत आलो तर नानांच्या ओसरीवर एक धोंडा ठेवलेला, खाली पोतं अंथरून. नांगरट करताना लागला म्हणाले. त्यावर खडूने लिहिलेलं, ओलीने जरा फिसकटलेलं, पण वाचता येत होतं: ‘इहिरीवरची पट्टी, उगवतीचा बांध, नऊ पावलं.’

काट्यावर ६१२ ग्रॅम, पाण्यात ३९८. घनता २.८६. कॉइलमध्ये ५ हर्ट्झ. बेसाल्ट. ७४३ नंबर देऊन जागेसकट वहीत घेतला.